अर्धी रास

पोकर ज्यानं कुणी काढला त्याच्या तोंडात माती पडो. माझ्या तोंडात तर पडलीच, आणि ती मीच माझ्या हातानं घातली, म्हणून जास्त चीड येते. दुसऱ्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या हासडून मोकळा होतो. मला शिव्या द्यायच्या तर आरशासमोर उभं राहावं लागतं.

मी मापाडी. सेनगावजवळच्या गोरेगावात एका आडत दुकानावर शेतकऱ्यांचा माल मोजतो. माझा बापही मापाडीच होता. माझ्या वाट्याला बटणं दाबायचा काटा आला, त्याच्या वाट्याला पायली होती. पितळेची, काठाला जाड पट्टी, बुडाशी एक पोचा. खळ्यावर ज्वारीची रास पडली की बाप पायली घेऊन बसायचा आणि पहिलं माप पोत्यात ओतताना 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. यात नवल काही नाही, आमच्याकडे धान्य असंच मोजतात. पण माझा बाप सगळ्यांच्या एक पाऊल पुढं होता. माल भिजलेला असला, खडेमाती मिसळलेली असली, तर त्याच्या तोंडून लाभ निघायचाच नाही. गुमान 'एक' म्हणायचा आणि पुढं मोजायचा. घेणारे कान टवकारून बसलेले असायचे. 'एक' ऐकू आलं की तिथंच भाव पडायचा.

एकदा एका बड्या असामीनं त्याची गचांडी धरली, हे माय अजून सांगते. "काहून रे, माज्या ज्वारीला लाभ म्हणाया जिभेला काटे टोचून राहिले काय?" बाप म्हणाला, "मालक, माल तुमचा हाय. जीभ माजी हाय." त्या वर्षी त्या माणसानं बापाला खळ्यावर पाय ठेवू दिला नाही, पुढच्या वर्षी स्वतः बोलवायला आला. माय ही गोष्ट सांगताना दर वेळी तेवढीच हसते.

बाप गेला, काटे आले, पायली घरात राहिली. घरची दोन एकर ज्वारी निघाली की माय ती पायली खाली काढायची, चिंच लावून घासायची, आणि कोठीत ज्वारी भरताना स्वतः मोजायची. त्या दिवशी सुनेनं मदतीला हात लावलेलाही तिला खपायचा नाही. पहिलं माप ओतताना 'लाभ' असं काही मोठ्यानं म्हणायची की गल्लीतल्या बाया म्हणत, म्हातारीची ज्वारी आली वाटतं.

आता माझ्या मेव्हण्याबद्दल. बायकोचा धाकटा भाऊ, पुण्याला कंपनीत आहे. दर दिवाळीला चारचाकी घेऊन येतो आणि भाऊबीज करून जातो. माणूस वाईट नाही, हे मी कबूल करतो. वाईट असता तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो पत्त्यांचा कॅट घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, तीन पत्ती किती दिवस कुटता? तुमाला पोकर शिकवतो."

दिवाळीचे चार दिवस बाजार बंद असतो. सोयाबीनचा सगळा धुरळा खाली बसलेला असतो. दुपारची जेवणं झाली की आम्ही आडतीच्या ओट्यावर बारदाना अंथरून बसलो. मी, मेव्हणा, शेजारी राहणारे शाळेतले गुरुजी आणि समोरचा चहाचा हॉटेलवाला. पैशानं खेळायचं नाही, हे गुरुजींनी आधीच बजावलं. म्हणून मायनं साठवलेले चिंचोके आणले आणि चौघांना सारखे वाटले.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते दुसऱ्याला दाखवायचे नाहीत. मधे पाच पत्ते, ते सगळ्यांचे. मधले पत्ते जसजसे उघडतात तसतशी पैज लावत जायची. पुढचा माणूस तेवढीच पैज लावतो, नाहीतर पत्ते टाकून बाजूला होतो. मेव्हणा सगळ्याला इंग्रजी शब्द सांगत होता, पण हॉटेलवाल्याच्या जिभेवर एकही बसेना. मग आम्ही आमचे शब्द केले. मधे जमलेल्या चिंचोक्यांना रास म्हणू लागलो. समोरच्याएवढेच चिंचोके लावायचे असले की 'बराबर' म्हणायचं. हातात काही नसताना मोठी पैज लावून समोरच्याला घाबरवलं तर ती हूल.

खेळ सोपा, पैज किती लावायची ते अवघड. आणि तिथंच मी माती खाल्ली. मी मापाडी माणूस, जन्म गेला बाजारात. आमच्या हाडात एकच हिशेब मुरलेला: जसा माल तसा भाव. चांगले पत्ते आले की मी मूठभर चिंचोके टाकायचो, बरे असले की पाचसात, भिकार असले की दोन. एक्क्यांची जोडी आली तेव्हा तर मी असा ढीगच ओतला की तिघांनीही पत्ते टाकले आणि मला चार चिंचोके मिळाले. चार! एक्क्यांच्या जोडीवर! मी चिडून म्हणालो, "खेळा की राव, पळता काहून?"

मेव्हणा हसून लोळायला लागला. "दाजी, तुमचा हात पाहायची गरजच न्हाई. तुमचे चिंचोकेच बोलून राहिले. मोठी पैज म्हणजे दाजीकडं माल हाय, बारकी पैज म्हणजे भुस्सा."

त्या दिवाळीत चारही दिवस मी हरलो. हरल्याची चीड नव्हती. चीड ही होती की रास पाहून वजन सांगणारा माणूस मी. सोयाबीनच्या ढिगाकडं नुसतं पाहिलं तरी पाचदहा किलोच्या फरकानं सांगतो. आणि मला माप चुकलं म्हणून हा पोरगा हसतो? जाताना मात्र त्यानं खरी गोष्ट सांगितली. "पैज पत्ते पाहून लावू नका, रास पाहून लावा. हात कसाबी असो, लावली तर अर्धी रास. मग कुणाला काय कळणार?"

हे मला पटलं. इतकं पटलं की वर्षभर दर रविवारी मी गुरुजींना धरून बसवलं. दोघंच खेळायचो. हात कसाही असो, लावायची तर अर्धीच रास. पहिल्या पहिल्यांदा हात शिवशिवायचा. राजांची जोडी आली की वाटायचं, टाक अजून दहा. नाही टाकायचे. हातात दुर्री-सत्ती असली की वाटायचं, दोनच टाकून पाहू. नाही, अर्धी रास. उन्हाळा लागेस्तोवर माझा हात असा बसला की गुरुजी म्हणाले, "मापाडी, आता तुमच्या चिंचोक्यांवरून काही कळत नाही बुवा." मी कुणी तरी झाल्यासारखा घरी गेलो.

त्यांचं वाक्य नीट ऐका. चिंचोक्यांवरून, म्हणाले. मी तेव्हा ऐकलं नाही.

गेल्या दिवाळीला मेव्हणा आला आणि पहिल्याच दिवशी त्याची नजर पायलीवर गेली. माय चिंच लावून तिला लकाकी देत बसली होती, सण म्हणून. "मावशी, लई भारी पीस हाय हो! मला द्या ना. नव्या फ्लॅटमधी टीव्हीखाली ठेवतो. मनी प्लांट लावतो त्याच्यात. लोक पैसे मोजून असं जुनं घेऊन राहिले."

मनी प्लांट! माझ्या बापाच्या पायलीत! माझं टाळकं सटकलं, पण पाहुणा, त्यात बायकोचा भाऊ, त्यात सण. बायको हळूच म्हणाली, "आवो, भाऊ येवढं हौसेनं मागून राहिला." मायनं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "मापाड्याची पायली हाय, बाबा. मापाड्याला विचार." मी म्हणालो, "न्हाई." इतकंच. तिथं विषय संपायला हवा होता.

दोन दिवस ओट्यावर खेळ झाला. मी अर्धी रास, अर्धी रास, दुसरं काही नाही. आणि तरी मेव्हणा मला वाचत होता! माझा हात भारी असला की तो आपसूक बाजूला व्हायचा. हूल दिली की म्हणायचा, "बराबर." दर वेळी नाही, पण नको तेव्हा नेमका. मला वाटलं पत्त्यांना खुणा आहेत. सेनगावला जीपनं जाऊन नवा कॅट आणला, सगळ्यांसमोर वेष्टन फोडलं. तरी तेच. मला वाटलं तोंडावर दिसत असेल. मग उपरणं तोंडाला गुंडाळून बसलो, डोळे तेवढे उघडे. हॉटेलवाला म्हणाला, "मापाडी, शिवार फवाराया निघाले का?" सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत, तेही मला तेव्हा खटकलं नाही.

भाऊबीजेच्या दुपारी मेव्हणा म्हणाला, "दाजी, एक शेवटचा डाव. चिंचोके संपेस्तोवर. तुमी जिंकले तर मी पायलीचं नाव जन्मात काढणार न्हाई. मी जिंकलो तर पायली माजी."

गुरुजी म्हणाले, "असलं काही लावू नका. गंमत गमतीत राहू द्या." शहाणा माणूस तेवढ्यावर उठला असता. पण मी शहाणा कुठला! दोन दिवसांचा संताप डोक्यात, आणि वर्षभराची घमेंड: माझं माप पक्कं आहे, माझ्यावरून कुणाला काही कळत नाही. मी म्हणालो, "लाव." मायला विचारलंसुद्धा नाही. पायली मापाड्याची, असं तीच म्हणाली होती ना? मग मापाड्यानं डावावर लावली.

तासाभरात गुरुजींनी आणि हॉटेलवाल्यानं पत्ते ठेवून दिले, आम्ही दोघंच उरलो. मला बदामाचा एक्का आणि बदामाची दश्शी आली. मधे बदामाची नव्वी, बदामाची चौकी, किलवरची राणी. चार बदाम झाले, पाचवा आला की डाव माझा. दोघांनीही लावत नेलं, रास वाढत गेली. चौथा पत्ता इस्पिकची छक्की. पुन्हा लावलं, पुन्हा बराबर. पाचवा उघडला: चौकटची तिर्री. बदाम आलाच नाही. माझ्याकडं साधी जोडीसुद्धा नव्हती.

आता एकच वाट, हूल. आणि हूल द्यायला याहून बरी जागा नव्हती. दर वेळी लावली तेवढीच लावायची. मी रास पाहिली, अठ्ठेचाळीसच्या आसपास. अर्धी म्हणजे चोवीस. माझ्याकडं सव्वीस होते. चोवीस गेले आणि हरलो तर मागं दोन उरत होते, म्हणजे संपलंच. एकेक चिंचोका सावकाश मोजत मधे सरकवला. चोवीस.

मेव्हणा पत्त्यांकडं पाहत नव्हता. मान तिरपी करून बसला होता. माझ्या चोविसाव्या चिंचोक्यानंतर तो म्हणाला, "बराबर." आणि पत्ते उघडले. छक्कीची जोडी. फक्त छक्कीची जोडी! असल्या हातावर एवढ्या राशीला कुणी बराबर म्हणत नाही. येडा म्हणेल, नाहीतर ज्याला सगळं ठाऊक आहे तो म्हणेल.

"खूण काय हाय सांग," मी ओरडलो. "सांगतो का न्हाई? पत्त्याला खूण केली का कसं?"

"दाजी, शपथ, पत्त्यांना काय न्हाई," तो हसत म्हणाला. "तुमी मोजताना पुटपुटता. हातात माल असला की म्हणता लाभ, दोन, तीन. हूल असली की म्हणता एक, दोन, तीन. आत्ता 'एक' म्हणले. मागच्या सालापासून असंच हाय."

मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"तुमालाबी ठाऊक?"

"वर्षभर," गुरुजी म्हणाले. "मापाडी, सांगायचं लई वेळा मनात आलं. सांगितलं असतं तर तुम्ही भुशालाबी लाभ म्हणाया लागले असते. माझ्यानं ते मोडवलं नाही."

मोडवलं नाही म्हणे! माझ्या तोंडून माझ्या बापाची जीभ बोलत होती, खऱ्याला लाभ, खोट्याला एक. मला सोडून सगळ्या ओट्याला ती ऐकू येत होती, आणि हा भला माणूस वर्षभर रविवारी माझा चहा पिऊन गप्प बसला! मी त्यांना नाही नाही ते बोललो. पत्ते उचलून रस्त्यावर भिरकावले. मेव्हणा घाबरला. "दाजी, मस्करी होती वो. पायली राहू द्या. मला नको."

आणि इथं मी दुसऱ्यांदा माती खाल्ली. त्यानं सोडून दिली होती. मला फक्त 'बरं' म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडावर ते अजून थोडं हसू होतं, आणि मी म्हणालो, "भीक देतो काय? मापाड्याचा शब्द हाय. आजच्या आज घेऊन जायची."

घरी आलो. माय ओसरीत बसली होती. तिला सगळं सांगितलं, लाभचंही सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल, रडेल, निदान बापाचं नाव काढेल. तिनं एवढंच विचारलं, "तुज्या तोंडून एक निघालं?"

"व्हय."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली आणि उठली. कोठीतून ज्वारी काढून पायली काठोकाठ भरली, वरून हात फिरवून सपाट केली. माप रितं घराबाहेर जात नाही, म्हणाली. भरलेली पायली तिनं स्वतःच्या हातानं गाडीच्या डिकीत ठेवली आणि सांडू नये म्हणून वर फडकं बांधलं. बायको दारात उभी राहून रडत होती. तिचीच भाऊबीज, ती कुणाला बोलणार?

पंधरा दिवसांनी बायकोच्या मोबाईलवर फोटो आला. टीव्हीच्या खाली पायली, त्यात हिरवी वेल. खाली मेव्हण्याचे चार शब्दही होते: ज्वारी कबुतरांना घातली, आमच्याकडं भाकरी कुणी खात नाही. आणि पाणी साचू नये म्हणून बुडाला तीन भोकं पाडून घेतली, मस्त झालं.

तीन भोकं! मी फोन करून त्याची आयमाय काढली. तो म्हणाला, "दाजी, तुमीच तर दिली." फोन ठेवला. बायकोशी दोन दिवस बोललो नाही. गुरुजींशी अजून बोलत नाही. ते आडतीवरून जाताना हळू होतात, मी काट्याकडं पाहत राहतो. त्यांचं काही चुकलं नाही, हे मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. पत्त्याला पुन्हा हात लावला नाही. दुकानावर कुणी मोजताना पुटपुटलं की मी म्हणतो, मनात मोज रे बाबा, मनात मोज.

मायला फोटो दाखवायचा नाही, असं ठरलं होतं. पण गल्लीतल्या कुणीतरी दाखवला. ती नेहमीसारखी जेवली, भांडी घासली, झोपली. मी मनाशी म्हटलं, चला, म्हातारीला लागलं नाही फारसं.

यंदा ज्वारी निघाली, टपोरी आणि कोरडी. पोती घरात आली, कोठीचं झाकण काढलं. मी बाजारातून आठ दिवस आधीच मायसाठी स्टीलचा डबा आणून ठेवला होता, बरोबर पायलीएवढा, दुकानावर ज्वारी भरून वजन करून पाहिलेला. माप पक्कं होतं, मापाड्याचं माप. मी म्हणालो, "माय, घे, ह्यानं मोज." तिनं डबा हातात घेतला, आत पाहिलं, मग पोत्यात बुडवून भरला आणि वरून हात फिरवला. बायको दाराशी थांबली. गल्लीतल्या दोघीतिघी आपल्या ओट्यावरून इकडं पाहत होत्या.

मायनं डबा कोठीत ओतला आणि म्हणाली, "एक."